पुराचा विमा अन् शोभाताईंची मशीन

भोकरदनात विमा विकायचा म्हणजे पॉलिसी कमी अन् किस्से जास्त जमतात. त्यात मी विकतो पुराचा विमा, तोही दुष्काळी जालना जिल्ह्यात! पण खरं सांगतो, ज्या माणसांनी मला दारातून हाकललं, त्यांच्याच जिवावर माझं घर चाललं. लई उपकार आहेत त्यांचे.

*

धावड्याला एका काकांच्या ओसरीवर मी पुरावर लेक्चर झोडलं. काकांनी शांतपणे ऐकलं अन् दारातला टँकर दाखवला.

"प्यायचं पाणी यात येतं आमचं. पूर आला तर आधी बादल्या भरू, मंग तुम्हाला फोन करू!"

मी उठलोच होतो, तेवढ्यात आतून काकू कडाडल्या, "नाला आपल्या परसात आहे, यांच्या ध्यानात न्हाई. बसा हो, काढा विमा!"

देव त्या काकूंचं भलं करो.

*

आमचे शेठजी कापडाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आल्ते, पण शेठजींची मराठी माझ्याहून झणझणीत. सकाळीच दुकानात पाय ठेवला अन् म्हणलं, "शेठजी, समजा पूर आला..."

"बोहनीच्या आधी पूर? बाहेर व्हा!"

बाहेर झालो. मंग डोकं चालवलं, परत आत गेलो अन् रोखीनं एक टॉवेल घेतला. शेठजींनी नोट कपाळाला लावली अन् हसले.

"झाली बोहनी. आता आणा तुमचा पूर!"

दुकानाचा काढला, मालाचाही काढला. दरसाल रिन्यूअलला हेच चालतं. आमच्या घरात टॉवेल ठेवायला जागा न्हाई.

*

वडीगोद्रीहून एकाचा फोन आला. "साहेब, पाणी पायरीला लागलं. जल्दी पॉलिसी करा!"

"दादा, आता न्हाई होत. आधी म्हशी सोडा!"

"म्हशी कव्हाच वर नेल्या. त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळलं!"

माणसं, जनावरं सुखरूप राहिली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला बोलावून घेतलं.

*

शोभाताई नदीकाठच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत ब्लाउज शिवतात. नवरा गेल्यापासून लेकरांचं पोट त्याच मशीनवर. मी गेलो तर म्हणाल्या, "घर मालकाचं, मंग विमा मी कामून काढू?"

"मालकाच्या विम्यात भिंती येतात ताई. मशीन कोणाची?"

मला मनसोक्त शिव्या घातल्या, पण सामानाचा विमा काढला. त्याच पावसाळ्यात नदी गल्लीत शिरली अन् मशीन बुडाली. पाणी उतरल्यावर मी ताईंना निरोप धाडला, "उद्या नुकसान पाहायला कंपनीचे साहेब येणारेत."

झालं! पाव्हणे येणार म्हणून ताईंनी भिंती धुतल्या, फरशी घासली, मशीन पुसून वर विणलेला रुमाल टाकला. खोलीत जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम!

साहेब म्हणाले, "नुकसान कुठंय?"

क्लेम गेला तर ताईंची चूल कशी पेटणार?

"आधी पोहे घ्या," ताई म्हणाल्या.

साहेबांनी पोहे खाल्ले अन् उठून मशीन तिरपी केली. खालच्या पेटीतलं गढूळ पाणी भळकन त्यांच्या पँटवर!

साहेबांनी पँटकडं पाहिलं. "बुडाली होती. आता मीच साक्षीदार!"

*

क्लेम पास झाला, नवी मशीन आली. भाऊबीजेला ताईंनी बोलावलं, पाटावर बसवलं, ओवाळलं. मी खिशात हात घातला तर त्यांनी मनगट धरलं.

"ओवाळणी भेटली मला," अन् मशीनकडं बोट केलं.

"अहो ताई, ती कंपनीनं दिली!"

ताईंचे डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच कडक.

"कंपनी आल्ती का माझ्या दारात शिव्या खायला?"