आईंना न सांगितलेला रिपोर्ट

"इम्प्लांटला इन्फेक्शन झालंय. प्लेट काढावी लागेल," कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले. विलासच्या डोक्यात टायटॅनियमची जाळी बसवून दोन महिनेही झाले नव्हते. टाक्यांच्या रेषेत मुगाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पू झिरपत होता.

विलास माझा नवरा. घर भाट्याला, नोकरी मिरजोळ्यात फिटरची. पावसाआधी पडवीची कौलं शेकारायला चढला आणि खाली चिऱ्यांवर आपटला. मेंदूला सूज आली. कवटीत सुजेला जागा नसते, म्हणून डाव्या बाजूचं हाड काढलं. याला क्रेनिएक्टॉमी म्हणतात. हाड धड असेल तर ते जपून ठेवतात, कधी पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली, आणि नंतर परत बसवतात. विलासच्या हाडाचा चुरा झाला होता.

जीव वाचला, पण बोलणं अडखळू लागलं. शब्द ओठांवर येऊन अडायचा आणि हा चिडून भिंतीवर हात आपटायचा. डोक्याची डावी बाजू खोल गेली होती. खोकला की तिथली कातडी हलायची. मी तिकडे बघायचं टाळायचे. सासूबाई, त्यांना मी आईच म्हणायचे, तिथेच बघत बसायच्या.

काही महिन्यांनी क्रेनिओप्लास्टी ठरली, म्हणजे ती जागा झाकायचं ऑपरेशन. डॉक्टरांनी तीन वस्तू समजावल्या. बोन सिमेंट हे एक प्रकारचं अॅक्रिलिक, ते कालवून आकार देतात. टायटॅनियमची जाळी मजबूत, पण कातडी पातळ असली तर कधी कधी ती भेदून बाहेर डोकावते. पीक (PEEK) हे कडक प्लास्टिक, सीटी स्कॅनवरून मापाचं बनवून येतं. "इन्फेक्शनची भीती तिन्हींत आहे," असंही ते म्हणाले. मी फक्त 'मजबूत' एवढंच ऐकलं.

जाळी बसवून टाके काढल्यावर एकदा मी बाजारातून आले, तर विलासची उशी तेलकट. आमच्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरतात, मऊ जागेवर रोज तळहाताने खोबरेल जिरवतात. वाडीतल्या कितीतरी पोरांची टाळू आईंनी भरली होती. विलासची तर भरलीच होती.

"टालू भरली नाय गो त्याची अजून," आई म्हणाल्या. "वायच तेल जिरवला, बास."

जखमेला काहीही लावू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ते आईंना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. एवढं कुणालाही कळतं, असं मी धरून चालले होते.

पू दिसला त्या सकाळी मी अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत ओरडले, "तुम्हीच मारलंत तुमच्या मुलाला!" आईंनी तेलाची वाटी फडताळावर ठेवून दिली. त्यानंतर त्यांनी विलासला हात लावला नाही. ताट वाढायच्या आणि लांब जाऊन बसायच्या.

कोल्हापुरात प्लेट काढली. कल्चरचा, म्हणजे पू कोणत्या जंतूमुळे झाला याचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "हा जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतो. तो बहुधा ऑपरेशनच्या वेळीच आत गेला असावा. मार लागल्याने तिथली कातडीही कमजोर होती. तेल लावायला नको होतं, पण तेलानेच हे झालं असं मी म्हणणार नाही."

मी ते विलासला सांगितलं. त्याने माझं मनगट धरलं. "आईला... सांग," एवढंच त्याला म्हणता आलं.

मी सांगितलं नाही. घरी आलो तेव्हा आई दारातच उभ्या होत्या. "माजाच हात वायट गो," म्हणाल्या. मी पिशव्या घेऊन आत गेले. राग करायला मला माणूस हवं होतं, आणि देवाशी भांडून भागत नव्हतं. जरा सावरू दे, मग सांगू, असं म्हणत इंजेक्शनांचे आठवडे गेले, मग महिने गेले. एका सकाळी नारळ खवता खवता आई विळीवरच कलंडल्या. हार्ट अटॅक, डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्यानंतर पीकची प्लेट बसवली. ती टिकली. डॉक्टरांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन आहे त्यांना एवढंच सांगते, टाक्यातून थेंबभर पाणी आलं तरी त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टर जे बोलतील ते घरातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी सांगा.

जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी तेलाला परवानगी दिली. मी फडताळावरची वाटी काढली, घासली आणि विलासच्या डोक्यावर तेल जिरवलं. खोबरेलाच्या वासाने त्याचे डोळे भरले.

"आईला... सांगितलंस ना?" त्याने विचारलं. "तेलाने... नव्हतं झालं."

मी "होय" म्हटलं.

विलास आता पुन्हा वाचायला शिकतोय, ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. हे लिहिलेलं पहिल्यांदा त्यालाच देणार आहे.