एक्याण्णव किलोची नोंद

ईट गावच्या नागूबाईनं साठ वर्षांत कुणाचं मुकाट्यानं ऐकून घेतल्याचं गावाला आठवत नाही. आठ शेळ्या, दोन बोकड आणि धार लावलेली जीभ, एवढ्यावर तिचा संसार चालला. शेळीपालन सुधारायच्या एका प्रकल्पानं गावातल्या बायकांच्या गटाला वजनकाटा दिला, तेव्हा गटानं तो तिच्याच ओसरीवर ठेवला. तिथून तो उचलून न्यायची छाती कुणाची नव्हती.

शेळ्या अंदाजानं न विकता वजनावर विकाव्यात, बेपाऱ्यानं नाडू नये, असा प्रकल्पाचा हेतू. तसं होतंय का, हे तपासायला धाराशिवहून दीपमाला आली. हातात टॅब, त्यात चौऱ्याऐंशी प्रश्न. आधी तिनं वजनाची वही मागितली. सहा महिन्यांत चारशे बारा वजनं! दीपमालाचा चेहरा उजळला. मग तिनं पानं नीट वाचली.

"मावशी, ही शेळी साडेतीन किलोची?"

"ती शेळी न्हाय, शेजारच्या शिवलीलाची लेक हाय. सव्वा महिन्याची."

"आणि ही त्रेसष्ट किलोची?"

"त्या शिवलीलाच्या सासूबाई. नातीला बघून त्येनलाबी हौस आली. सोमवार सोडला की चढत्यात, उपासानं काय उतरलं का बघाया."

दीपमालानं कपाळाला हात लावला. शेळ्या-बोकडांची वजनं निघाली अवघी सेहेचाळीस. बाकीच्या नोंदी ती एकेक करून खोडत चालली. एक्याण्णव किलोपाशी पेन आला, तसा नागूबाईनं वहीवर पंजाच ठेवला.

"ह्येला हात लावू नगा. ह्यो कल्याणप्पा बेपारी हाय."

घडलं होतं ते असं. कल्याणप्पा पंचवीस वर्षं बोकड हातानं उचलून वजन सांगायचा आणि भांडून-भांडून शेवटी गाव ते मान्य करायचं. काटा आला तरी तो तिकडं ढुंकून बघेना. "अक्का, माझा हातच काटा हाय," म्हणायचा. नागूबाईच्या बोकडाचं वजन त्यानं बावीस किलो ठरवलं. तिनं वाद घातला नाही. चहा पाजला, गोड बोलली, चार बायका गोळा होऊ दिल्या आणि मग विचारलं, "अप्पा, तुमचं सोताचं वजन किती वो?"

"पंचाहत्तर. बरूबर."

"चढा की मग."

चार बायकांपुढं माघार कशी घेणार? चढला. आकडा आला एक्याण्णव.

"सोताचं अंग रोज वागवता, तरी सोळा किलोनं चुकलात," नागूबाई म्हणाली. "मग माझ्या बोकडाचं काय खरं?"

बोकड काट्यावर चढवला, तो अठ्ठावीस भरला. त्या दिवसापासून कल्याणप्पानं ईटमध्ये एकही जनावर हातानं तोललं नाही.

दीपमाला पोट धरून हसली. पण काम ते काम, खात्री करायलाच हवी. तिनं तिथूनच कल्याणप्पाला फोन लावला.

"तुमचं वजन एक्याण्णव भरलं होतं, हे खरं का?"

"साफ झूट!" तो पलीकडून गरजला. "एकोणनव्वद हाय! खिशात मोबाइल अन पायात जोडं व्हतं, त्ये न्हाय सांगितलं व्हय तिनं?"

टॅबमध्ये असल्या गोष्टीला रकाना नव्हता. दीपमालानं 'इतर निरीक्षणे'मध्ये लिहिलं: बेपाऱ्याचे वजन केल्यावर शेळ्यांचे वजन होऊ लागले. मग शेवटचा प्रश्न विचारला, "प्रकल्पामुळं काही तोटा झाला का?"

"झाला की," नागूबाई म्हणाली. "आता बेपारी येतो, आकडा बघतो अन जातो. पयलं दोन-दोन तास भांडायचो आमी. ती मजा गेली."

वरच्या साहेबांना ते निरीक्षण टायपिंगची चूक वाटलं. त्यांनी दोनदा खुलासा मागवला, दीपमालानं दोनदा तेच वाक्य पाठवलं. अखेर ते अहवालात राहिलं आणि शेजारच्या दोन गावांना काटे मंजूर झाले. तिथल्या बायकांना शिकवायला नागूबाईला बोलावणं आलं. ती गेली कल्याणप्पाच्याच टेम्पोत बसून, आणि वाटभर दोघं कडाकडा भांडत होते.