पोटातली हजेरी

कारखान्याच्या टाइम ऑफिसात पस्तीस वर्षं बसून टाइमकीपरनी भल्याभल्यांना लेटमार्क दिले होते. बस चुकल्याच्या, सासू आजारी पडल्याच्या थापा ऐकून त्यांचे कान किटले होते. आता निवृत्तीनंतर त्यांची स्वतःची हजेरी लागत होती, तीही थेट पोटातून.

रक्तदाबाची गोळी ते हटकून विसरायचे, म्हणून डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या होत्या. प्रत्येक गोळीत तिळाएवढा सेन्सर. पोटात गेला की पाचेक मिनिटांत तो पोटावर चिकटवलेल्या पट्टीला कळवायचा, पट्टी मोबाइलला आणि मोबाइल परगावच्या लेकीला. वेळ सकाळी नऊची. सव्वानऊपर्यंत खबर गेली नाही, की लेकीच्या मोबाइलवर लाल खूण!

पहिला महिना टाइमकीपर शहाण्यासारखे नऊच्या ठोक्याला गोळी घेत राहिले. बक्षीस काय मिळालं, तर लेकीचा फोनच बंद झाला. पूर्वी ‘गोळी घेतलीत का’ विचारायला ती रोज फोन करायची, मग इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या. आता यंत्रच सांगतंय म्हटल्यावर ती कशाला विचारेल? आपण होऊन करावा, तर ती कामात असेल म्हणून यांचा हात अडायचा. घर खायला उठलं होतं.

एकदा गळक्या नळाच्या भानगडीत गोळी राहिली आणि सव्वानऊला फोन खणखणला. टाइमकीपरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवसापासून ते नऊ चौदाला गोळी गिळून ऐटीत खुर्चीत बसू लागले. लाल खूण, पाठोपाठ फोन, आणि गप्पा रंगेपर्यंत पोटातली खबर पोचलेली. ना गोळीचा नागा, ना फोनचा. कारणांना तर तोटाच नव्हता: चष्मा सापडेना, दूध उतू गेलं, दारात पोस्टमन आला.

तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं.

“बाबा,” एके सकाळी लेक म्हणाली, “चष्मा हरवला तरी खबर नऊ एकोणीसला, दूध उतू गेलं तरी नऊ एकोणीसला. फार तर वीस. खरा उशीर असा रोज ठरलेला असतो का हो? कामगारांची लबाडी कशी पकडायची, ते तुम्हीच मला शिकवलंत ना?”

आता हा फोनही गेला, असं टाइमकीपरच्या मनानं घेतलं.

“रागावलीस का गं?”

“लाल खूण दिसली की माझा जीव उडतो, बाबा. गोळी नऊलाच घ्यायची. आणि फोन मी नाही करणार, तुम्ही करायचा. मी कामात असले तरी.”

दुसऱ्या दिवशी नऊला गोळी पोटात गेली. मग टाइमकीपर मोबाइल हातात घेऊन बसले. नंबर काढला, परत ठेवला. खोलीत चार फेऱ्या मारल्या, पुन्हा काढला. साडेदहाला एकदाचं बटण दाबलं. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

“कधीपासून मोबाइल हातात घेऊन बसलायत?”

उभा जन्म मिनिटामिनिटाची नोंद चोख ठेवणाऱ्या माणसानं बेधडक ठोकून दिलं, “छे गं, हा आत्ताच घेतला.”