टक झालं की थांबायचं

टक! तो आवाज मला अजून ऐकू येतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंप जोडायच्या कारखान्यात नवीन लागलेले. पहिल्याच दिवशी टॉर्क पाना हातात आला. बोल्ट पाहिजे तेवढा आवळला गेला की त्या पान्यातून टक असा आवाज येतो, हाताला हलका झटका बसतो आणि तिथे थांबायचं. बस्स! मी एवढी खूश झालेले की जेवणाच्या सुट्टीतही पाना खाली ठेववेना.

आणि घरी काय? ठाण्याच्या खाडीवर आमचा कोळीवाडा. बाबांची होडी, होडीत डिझेल इंजिन. इंजिनाला पाण्यातल्या, होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जोडणारे चार बोल्ट होते, ते सारखे ढिले व्हायचे. बाबा पान्याला हातभर पाइप लावून दात-ओठ खात आवळायचे. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते बोल्ट भर खाडीत निसटले, पंखा थांबला आणि ओहोटीने बाबांना कुठल्या कुठे नेलं. दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून घरी आले. आई म्हणाली, "आता एकदा जरी असा झाला, त होडी इकायची. मी किती जीव मुठीत धरून बसू?" आई बोलली की करते. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

मला राहवेना. नारळी पुनवेला होडी पाण्यात उतरणार होती. मी सुपरवायझरच्या मागे लागून गेटपास काढला, टॉर्क पाना घरी आणला. सोबत बोल्टाच्या औषधाची चिमुकली बाटली. हे औषध आट्यांवर लावायचं, आत सुकलं की ते बोल्टाला घट्ट धरून ठेवतं, इंजिन कितीही थरथरू दे. बाबा हसत सुटले. "काय गो, इंजिनला नखपॉलिश लावते?"

"लावते! बघच तू!"

चार नवे बोल्ट मी पेट्रोलने लख्ख धुतले, वर्तमानपत्रावर वाळत ठेवले आणि चहा प्यायला आत गेले. येऊन बघते तर काय, चारही बोल्ट चमचमतायत! शेजारी आई, हातात खोबरेल तेलाची वाटी.

"आई! काय केलंस हे?"

"अगो, खाऱ्या पान्यातला लोखंड, तेल नको लावायला? मी दरवेला लावते."

दरवेळी! मी डोक्याला हात लावला. तेलावर औषध धरत नाही. आणि तेलकट बोल्ट पाइप लावून आवळला तर नको तेवढा ताणला जातो, मग कसला टिकतोय! माझं डोकं फिरलं. "अगं, तुझ्या या तेलानेच बाबा वाहून गेलेले!"

बोलले आणि जीभ चावली. आईने वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसत राहिली, पुसतच राहिली. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू!

"चल, आता तूच धू," मी म्हटलं. आईने बोल्ट पेट्रोलमध्ये तांदूळ धुतल्यासारखे तीन-तीनदा धुतले. वाळल्यावर मी औषधाचे थेंब सोडले, बोल्ट बसवले, समोरासमोरचे आधी थोडे-थोडे आवळले, मग पूर्ण. शेवटचा बाबांना दिला. त्यांनी पाना ओढला. टक!

"आजून जरासा..." बाबांचा हात पाइपाकडे गेलाच.

"नाय!" माझ्याआधी आईच ओरडली. "टक झाला ना? मंग!"

मग मी माझं खरंखुरं नखपॉलिश काढलं आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटणार. औषध सुकेपर्यंत पूर्ण एक दिवस मी इंजिनाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही, बाबांना तर नाहीच.

पुनवेला खाडीला नारळ वाहिला आणि होडी गेली. आई धक्क्यावरून हलेना, जेवायलासुद्धा नाही. संध्याकाळी आमच्या इंजिनाचा आवाज ओळखू आला आणि मी तिथेच नाचायला लागले! होडी लागली, इंजिन बंद झालं. बाबा उतरायच्या आत आई गुडघाभर चिखलातून होडीत चढली, खाली वाकली आणि चारही रेघांवरून बोट फिरवलं. एकही तुटली नव्हती.

"नाय इकायची," आई म्हणाली, आणि तिथेच बसून रडायला लागली.