पहिला बाक

कोऱ्या सुती लुगड्याच्या कांजीचा वास आला की मला सत्तर सालच्या आसपासचा नागपूरचा एक रविवार आठवतो. माझी मावशी मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, बायबलबाई होती. घरोघरी जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवायची. त्या दिवशी तिनं नुकताच बाप्तिस्मा झालेल्या, कामठीच्या एका विणकराच्या बायकोला पहिल्यांदाच चर्चमध्ये आणलं आणि माझ्याशेजारी पहिल्या बाकावर बसवलं. नव्या लुगड्यात ती अवघडून गेली होती. तेवढ्यात कमिटीचे एक गृहस्थ वाकून मावशीला म्हणाले, “बाई, इले मागं बसवा. हा बाक देणग्या देणाऱ्या साहेबांच्या घरच्यांचा आहे.” “राहू द्या ना बाई, मी खाली बसतो,” म्हणत ती उठायला लागली. मावशीनं तिचा हात धरून ठेवला आणि बायबल त्या गृहस्थांपुढे केलं. “काहून? श्रीमंताले पुढं अन् गरिबाले मागं, असं यात कुठी लिहून आहे? मले पान काढून दाखवा.” सगळ्यांनी उपासना चालवणाऱ्या पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी मान खाली घालून पुढच्या गीताचा नंबर सांगितला. मग मावशी तिला घेऊन बाहेर गेली, उन्हात पायऱ्यांवर बसली आणि गरिबाचा मान राखायला सांगणारा अध्याय खड्या आवाजात वाचू लागली. मीही उठून गेले. पुढच्याच महिन्यात मावशीचं काम गेलं, पण कामठीला जाणं तिनं सोडलं नाही. आता तरुण मुलं मला विचारतात, मंडळी बायबलच्या वचनाला धरून राहिली का? मी सांगते, त्या रविवारी तरी वचन आत नव्हतं, बाहेर पायऱ्यांवर होतं, आणि मी तिथं बसले होते.