अबू फहदच्या गेटवरची विळी

सौदीतल्या अबकैकजवळच्या आमच्या कंपनीच्या कॅम्पात चार मराठी घरं. जेवायला जमलो की गेटवरच्या अबू फहदचा किस्सा निघतोच, आणि दर सुट्टीनंतर त्यात एकाची भर पडते. हा आमचा सिक्युरिटी इनचार्ज. हत्यार कशाला म्हणायचं ते देशात सरकार ठरवतं; कॅम्पात तो.

*

क्रिकेटच्या सामानातली बॅट त्याने सोडली, स्टंप अडवले. टोकदार आहेत! मी म्हटलं, डोकं फुटतं ते बॅटने. त्याने विचार केला आणि बॅटही ठेवून घेतली. उरलेला सीझन आम्ही कॅरम खेळलो.

*

शेजारच्या सुलभावहिनी आई गेल्यावर रत्नागिरीहून तिची विळी घेऊन आल्या. माहेरची तेवढी एकच वस्तू त्यांनी मागून घेतली होती. दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाल्याला कळेना, हे काय. वहिनींनी तिथेच फरशीवर बसून, नसलेला नारळ खवून दाखवला. तो हसला आणि 'यल्ला', चला, म्हणाला.

गेटवर मात्र विळी जप्त. वहिनींनी सांगून पाहिलं, एअरपोर्टने सोडलीय.

"एअरपोर्ट गव्हर्मेंट का," अबू फहद म्हणाला. "गेट मेरा."

*

वहिनींच्या मिस्टरांनी अर्ज केला, ही किचनची वस्तू आहे. अबू फहदने विळी उलटसुलट पाहिली. किचनचं सामान उभं राहून वापरतात, हिच्यावर बसतात. म्हणजे हे फर्निचर, फर्निचरचा पास आणा. फर्निचरवाले म्हणाले, पातं असलेल्या वस्तूला आम्ही पास देत नाही. खलास!

*

त्याच्या स्वतःच्या केबिनमध्ये भिंतीवर तलवार टांगलेली. मी एकदा बोट दाखवलं.

"ये हथियार नहीं," तो शांतपणे म्हणाला. "ये मेरा दादा है."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "तो फिर वो मेरी माँ है," त्या म्हणाल्या.

विळी त्याने सोडली नाही. पण तेव्हापासून दर शुक्रवारी केबिनमध्ये बसून नारळ खवायची त्यांना परवानगी मिळाली. आम्हाला सोलकढी मिळू लागली आणि त्याला ओल्या खोबऱ्याची चटक लागली.

*

परवा वरून सर्क्युलर आलं, सगळ्या कॅम्पांना एकच. किचनचं सामान हत्यार समजायचं नाही. आणि गेटच्या केबिनमध्ये कुठलंही हत्यार ठेवायचं नाही, शोभेचंसुद्धा. तपासणी दुसऱ्याच दिवशी.

त्याच संध्याकाळी मी वहिनींकडे चहाला बसलो होतो. बेल वाजली. दारात अबू फहद, एका हातात विळी, दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. वहिनींनी विळी घेऊन पोटाशी धरली. त्यांचे डोळे भरून आले. तो मात्र दारातून हलेना.

"सिस्टर," चादर पुढे करत तो हळूच म्हणाला, "ये भी किचन का सामान."