जादूगाराचं सेटिंग

भोपाळला आलो तेव्हा आमच्याजवळ एक ट्रंक, दोन गोधड्या आणि ओळखीच्या एका माणसाचा पत्ता होता. तो माणूस महिन्याभरापूर्वीच बदली होऊन गेला होता. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, कारण घरात सगळेच त्यांना भाऊ म्हणत. भाऊ चौथी शिकलेले. पहिली तीन वर्षं त्यांनी शहराबाहेर मंडीदीपच्या कारखान्यांत कंत्राटी हेल्परचं काम केलं. काम असेल त्या दिवशी डबा तिथे संपायचा, नसेल त्या दिवशी तोच डबा भरलेला परत घरी. आई शिवाजी नगरातल्या साहेबांच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची आणि मी त्या साड्या घड्या मोडू न देता पोचवायची. मग भाऊंना मोठ्या सरकारी कारखान्यात मशीन शॉपमध्ये हेल्परची जागा मिळाली, आणि टाउनशिपमध्ये एका खोलीचं क्वार्टर. दार आतून आपल्याला लावता येतं, याचंच आईला कितीतरी दिवस कौतुक होतं.

भाऊ गेले त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे कष्टांचंच बोलतात, आणि ते खोटं नाही. पण मला भाऊ आठवतात ते क्वार्टरच्या पायरीवर बसलेले, मांडीवर माझी वही, आणि तोंडात प्रश्न : "हा तुझा जादूगार रोज सकाळी नेमकं करतो काय?"

हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी अकरावीत होते. टाउनशिपच्या वरच्या टोकाला, मोठ्या बंगल्यांत, माझ्या वर्गातला निखिल राहायचा. त्याचे वडील अधिकारी. त्याच्या मामाने परदेशातून एक खेळ आणला होता. टेबलाभोवती बसून खेळायची गोष्टच म्हणा ना. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात आणि अडेल तिथे फासे टाकतात. निखिल गोष्ट चालवायचा, वर्गातलाच शाहिद तलवारबाज होता, आणि मी मागून घेतलं होतं ते पात्र म्हणजे जादूगार. मागून घेतलं, कारण त्या खेळात ज्याची ताकद अभ्यासातून येते असा तो एकच होता. बाकीचे जन्मतःच शूर. हा पोथी वाचून मोठा झालेला. तो मला आपला वाटला.

पण त्याचा एक नियम होता. पोथीत मंत्र चाळीस, पण रोज पहाटे त्यातले नऊच निवडून डोक्यात भरून घ्यायचे. वापरला की तो मंत्र संपला, पुन्हा दुसऱ्या दिवशी. गोष्टीत सकाळ झाली की खेळ थांबायचा आणि सगळे माझ्याकडे बघत बसायचे. खेळाचं पुस्तक इंग्रजी, माझी शाळा दहावीपर्यंत हिंदी माध्यमाची, घरी मराठी. मी एकेका मंत्राचा अर्थ लावत बसायची... कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. निखिलच्या घरी रविवारचे दोन तास मिळायचे, त्यातला एवढा वेळ माझ्यात जायचा.

शाहिद पक्का भोपाळी. तो टेबलावर डोकं टेकून म्हणायचा, "को खाँ, तुम्हारे जादूगर ने अभी मंजन किया कि नहीं? उधर राक्षस की तो शादी हो गई, बच्चे स्कूल जाने लगे!" मी पण हसायची. पण एका रविवारी निखिल हसला नाही. म्हणाला, "सुमन, अगले संडे मैं घड़ी लगाऊँगा. पाँच मिनट. नहीं हुआ तो जादूगर मैं चलाऊँगा, तू तीरंदाज ले ले. उसमें पढ़ना नहीं पड़ता."

पढ़ना नहीं पड़ता! तो वाईट मुलगा नव्हता, सोय सांगत होता. पण हेल्परच्या मुलीला ते वाक्य कुठे लागतं, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. मी मंत्र उतरवलेली वही घेऊन घरी आले आणि पायरीवर बसून रडले. जादूगार गेला असता तर खेळच सोडला असता मी, आणि मनाशी मान्य केलं असतं की वाचणं हे वरच्या टोकाच्या लोकांचं काम.

भाऊ पहिल्या पाळीहून आले होते. त्यांनी सायकल टेकवली आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांना खेळ कळला नाही, पण थांबलेलं मशीन लगेच कळलं. "आठ तास झोप आणि उठल्यावर तासभर पोथी? नोकरी चांगली आहे गं. साप्ताहिक सुट्टी कधी असते?"

"भाऊ, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? मला करून दाखव. मी बघतो."

मी निवडायला बसले, ते घड्याळ घेऊन समोर बसले. मग म्हणाले, "तू पाना आणायला स्टोअरला जातेस, परत येतेस, मग बोल्ट बघतेस, मग दुसरा पाना आणायला जातेस. आणि तेवढा वेळ मशीन बंद. सुमे, आमच्याकडे मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, बदलून नवं सेटिंग करायचं असलं की पुढच्या जॉबचं सगळं सामान मी आधीचं मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर लावून ठेवतो. मशीन बंद झालं की फक्त काढायचं आणि बसवायचं. तो शाहिद तलवार चालवतो तेव्हा तू काय करतेस?"

"बघते."

"बघते! ऑपरेटर बघतो, हेल्परने बघून चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शॉपमधून बाद झालेली जाड जॉब कार्डं आणली, एका बाजूने कोरी. एका कार्डावर एक मंत्र, माझ्या शब्दांत, मराठीत, तीन ओळींत. चार संध्याकाळी त्यात गेल्या. अर्थ एकदाच लावायचा, रोज नाही. मग मी अतिशहाणपणा केला. नऊ सगळ्यात ताकदवान मंत्र निवडले आणि म्हटलं, हेच कायमचे, निवडायची भानगडच नको. भाऊंनी विचारलं, "उद्या नदी पार करायची निघाली तर?" माझ्याकडे आगीचे पाच मंत्र. "जॉब कुठलाही आला तरी त्याला धरणारं फिक्स्चर तेच? सगळा माल स्क्रॅप होईल, आणि नाव हेल्परचं."

म्हणून आम्ही तीन गठ्ठे केले : प्रवासाचा, लढाईचा, गावातल्या मुक्कामाचा. प्रत्येकात सहा कार्डं ठरलेली, रबर लावलेली. तीन जागा मोकळ्या, त्या दिवसाप्रमाणे. आणि त्या तीन कुठल्या, हे सकाळ व्हायच्या आधी, बाकीच्यांचे डाव चालू असतानाच बाजूला काढायचं. शनिवारी भाऊंनी निखिल होऊन माझी चाचणी घेतली. त्यांचा राक्षस फोरमनसारखा बोलायचा. आई फॉल लावता लावता म्हणाली, "बाप-लेक दोघंही कामातून गेले." पण अडलं की तीच कार्ड सुचवायची, आणि बरोबर सुचवायची.

पुढे इंजिनिअरिंगला मला हीच गोष्ट एका धड्यात भेटली. मशीन थांबवून करायची कामं आणि मशीन चालू असताना करायची कामं वेगळी काढा, वगैरे, मोठमोठ्या इंग्रजी शब्दांत. वर्गात मी एकटीच हसले. घरी येऊन वाचून दाखवलं तर भाऊ म्हणाले, "एवढी पानं कशाला लागली त्यांना?" मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. पण जे शिकायला मी कॉलेजात गेले ते घरात आधीच कुणालातरी येत होतं, हे सांगायला मला उशीर झाला. भाऊ ऐकायला होते तेव्हा मी ते नीटसं कधी म्हटलं नाही... म्हणायला हवं होतं. मला वाटायचं, त्यांना माहीतच असेल. आता वाटतं, माहीत असलेलं सुद्धा ऐकायला माणसाला आवडतं.

तो रविवार उजाडला. निखिलने खरंच टेबलावर अलार्मचं घड्याळ ठेवलं. गोष्टीतली रात्र चालू होती, शाहिद पहाऱ्यावर लांडग्यांशी लढत होता, आणि मी खाली मान घालून कार्डं काढत होते. "अरे मदद तो कर!" तो ओरडला. मी म्हटलं, "मेरा जादूगर सो रहा है. तू लड़." निखिलने सकाळ झाल्याचं सांगितलं, घड्याळ सुरू केलं. पुढे दलदल होती. मी प्रवासाचा गठ्ठा उचलला, तीन कार्डं आत सरकवली, एक बदललं, मनात एकदा वाचली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. घाईत शेवटचं कार्ड खाली पडलं, ते शाहिदने उचलून दिलं. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता विचारलं, "ये किसने सिखाया?"

"मेरे पापा ने. मशीन शॉप में हैं."

निखिलने घड्याळ बंद केलं आणि आत ठेवून आला. नंतर ते कधी बाहेर आलं नाही.

घरी भाऊ जेवत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किती?"

"साडेतीन मिनिटं."

"तीन होतील," ते म्हणाले आणि आईकडे भाकरी मागितली.

महिन्याभरात तीन झाली. बारावी संपून सगळे पांगलो तोपर्यंत जादूगार माझाच होता.